रिकामी घरे आणि गृहटंचाई : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर आणि प्राचीन विदर्भाची राजधानी म्हणून सर्वपरिचित आहे. येथील टेकाडाचे उत्खनन १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी केले व त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या काळांतील वस्तीचे थर या ठिकाणी एकावर एक साचलेले आढळले. वऱ्हाडात गावठाणाच्या जागेस ‘पांढरी’ व शेतजमिनीस ‘काळी’ म्हणण्याचा प्रघात आहे. ही पांढरी मुख्यतः पडलेल्या मातीच्या घरांचीच बनलेली असते. नवे घर बांधताना किंवा धाब्यावर थर देताना तीच माती खणून वापरली जात असे. पडके घर या ना त्या रूपाने पुन्हा घराच्या कामी येण्याची रीत या प्रदेशाला नवी नाही.

आज वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या गावात फेरफटका मारला असता दोन गोष्टी शेजारीशेजारी दिसतात. एकीकडे कुलूप लागलेला, ओसरीवर गवत वाढलेला वाडा असतो. त्याचे वारस अमरावती, नागपूर किंवा पुणे येथे स्थायिक झालेले असतात. दुसरीकडे घरकुलाच्या यादीत नाव असूनही बांधण्यास जागा नसल्यामुळे ताडपत्रीखाली किंवा भावाच्या एका खोलीत राहणारे कुटुंब असते. शहरांतही चित्र फारसे निराळे नाही. तेथे वाड्याच्या जागी बंद सदनिका असते, एवढेच. तेव्हा रिकामी घरे वापरात आणून टंचाई कमी का करता येऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

हा प्रश्न वऱ्हाडात पूर्वी केवळ विचारला गेला होता असे नव्हे, तर त्याला कायद्याने उत्तरही देण्यात आले होते. १९४९ पासून जवळजवळ पन्नास वर्षे अमरावती, अकोला यांसारख्या शहरांत रिकामे झालेले घर शासनास कळविणे बंधनकारक होते आणि ते कोणास द्यावे हे शासन ठरवू शकत होते. गृहनिर्माणविषयक चर्चेत या अनुभवाचा उल्लेख क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात त्या कायद्याची रचना, त्याचे झालेले परिणाम आणि त्या प्रकाशात आजच्या रिकाम्या घरांचा विचार केला आहे.

‘रिकामे घर’ : संकल्पना आणि आकडे

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ३३.०८ कोटी घरे होती व त्यांपैकी सुमारे २.४६ कोटी घरे रिकामी होती. नागरी भागातील रिकाम्या घरांची संख्या सुमारे १.१० कोटी होती. २००१ मध्ये ती ६५ लाखांच्या आसपास होती. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार रिकाम्या नागरी घरांच्या बाबतीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला असून येथे अशी सुमारे २० लाख घरे होती.

याच सुमारास प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ ची देशातील नागरी गृहटंचाई १.८७८ कोटी इतकी ठरविली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातील सुमारे १९.४ लाख घरे येतात. वीस लाख रिकामी घरे आणि साडेएकोणीस लाख घरांची टंचाई! हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘घरे आहेतच, फक्त वाटप चुकले आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मोह आवरावयास हवा, याची कारणे दोन.

पहिले कारण व्याख्येचे आहे. जनगणनेतील ‘घर’ म्हणजे निवासाचे घरच असे नाही. स्वतंत्र प्रवेशद्वार असलेली व स्वतंत्र एकक म्हणून ओळखली जाणारी कोणतीही वास्तू, मग ते दुकान असो वा गोदाम, त्यात मोजली जाते. प्रगणकाच्या भेटीच्या वेळी जे एकक वापरात नाही ते ‘रिकामे’ होय. त्यात विकासकाकडे न विकता पडून असलेली नवी सदनिका येते, तसेच छप्पर खचलेले घरही येते. कुटुंब केवळ काही दिवस बाहेरगावी गेले असल्यास ते घर मात्र वेगळ्या सदरात, म्हणजे वापरातील कुलूपबंद घर म्हणून नोंदले जाते. दुसरे कारण टंचाईच्या स्वरूपाचे आहे. तांत्रिक गटाच्या हिशेबात टंचाईचा सुमारे ८० टक्के भाग दाटीवाटीचा आहे, म्हणजे कुटुंबास छप्पर आहे पण विवाहित मुलासाठी वेगळी खोली नाही अशा स्वरूपाचा. आणि ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची आहे. रिकाम्या सदनिका बहुधा या गटांच्या आवाक्याबाहेरच्या असतात. म्हणून रिकाम्या घरांच्या संख्येइतकी टंचाई आपोआप कमी होईल असे मानता येत नाही. तरी त्यांतील काही हिस्सा राहण्याजोगा आहे, आणि तो बंद राहण्याची कारणे घराच्या भिंतींत नसून मालकाच्या मनात व दप्तरातील नोंदींत आहेत. विचार त्यांचा करावयाचा आहे.

१९४९ चा आदेश

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची चणचण निर्माण झाली. बांधकामाचे साहित्य दुर्मिळ झाले, शासकीय खाती वाढली. त्यानंतर फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वऱ्हाडातही पोहोचली. अकोल्यातील सिंधी कॅम्प व अमरावतीतील रामपुरी कॅम्प ही नावे त्या काळाची आठवण देतात. या परिस्थितीत मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ च्या अधिनियमाखाली घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण यासंबंधीचा आदेश १९४९ मध्ये काढला. वकिलांच्या व पक्षकारांच्या बोलण्यात तो ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’ या नावानेच राहिला. १९५६ मध्ये वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, तरी विदर्भापुरता हा आदेश चालूच राहिला. मुंबई व पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४७ चा, विदर्भासाठी १९४९ चा आणि मराठवाड्यासाठी हैदराबाद राज्याचा १९५४ चा, असे तीन निरनिराळे भाडेकायदे एकाच राज्यात शतकाच्या अखेरीपर्यंत नांदत होते.

या आदेशाचे दोन भाग आपल्या विषयाशी निगडित आहेत. खंड २२ अन्वये ज्या क्षेत्रास तो लागू आहे तेथील घरमालकाने आपले घर रिकामे होणार असल्याचे निश्चितपणे समजल्यापासून सात दिवसांच्या आत जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरला (पुढील काळातील जिल्हाधिकाऱ्यांना) कळविणे आवश्यक होते. तशी सूचना मिळाल्यावर खंड २३ अन्वये पंधरा दिवसांच्या आत ते घर शासकीय सेवेतील व्यक्ती, विस्थापित किंवा घर सोडावे लागलेली व्यक्ती यांपैकी कोणास द्यावे असा आदेश काढता येत असे. मालकास स्वतःसाठी घर हवे असेल तर त्याने सूचनेत तसे नमूद करावयाचे आणि अधिकाऱ्याची खात्री पटवावयाची. पंधरा दिवसांत आदेश आला नाही तर मात्र मालक आपल्या पसंतीच्या भाडेकरूस घर देण्यास मोकळा होता.

कागदावर ही योजना नेटकी आहे. घर रिकामे राहण्याचा काळ तीन आठवड्यांपेक्षा वाढू नये आणि ज्याला सर्वाधिक निकड आहे त्याला ते मिळावे, हा तिचा हेतू होता. अमरावती किंवा अकोल्यात बदलून आलेल्या शिक्षकास किंवा कारकुनास ‘घर अलॉट झाले’ ही मोठीच दिलाशाची बातमी असे. अशा वाटपातून अनेक कुटुंबांचा संसार उभा राहिला हे नाकारता येत नाही.

तथापि याच आदेशाचा खंड १३ या योजनेच्या मुळावर आला. भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. भाड्याची वारंवार थकबाकी, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची प्रामाणिक निकड, अत्यावश्यक दुरुस्ती अशी ठरावीक कारणे सिद्ध झाली तरच ती मिळे. परवानगी मिळाल्यानंतर नोटीस आणि तरीही भाडेकरू न हलल्यास दिवाणी दावा, असा हा दुहेरी मार्ग होता. परवानगीच्या हुकमावर अपील, त्यावर उच्च न्यायालयात अर्ज, आणि पुन्हा दाव्याच्या निकालावर अपील. बापाने केलेला अर्ज मुलाच्या उतारवयात निकाली निघाल्याची उदाहरणे विदर्भातील न्यायालयांना नवी नव्हती. त्यात भाडे जवळजवळ गोठलेले. परिणामी एकदा दिलेले घर व्यवहारतः परत मिळत नाही, अशी समजूत घट्ट झाली.

हे दोन भाग एकत्र वाचले म्हणजे मालकाची वागणूक समजते. रिकामे घर कळविल्यास पंधरा दिवसांत अनोळखी भाडेकरू येणार, आणि तो आला की पिढीभर राहणार. मग ‘रिकामे’ हा शब्दच टाळणे सोयीचे. घराच्या एका खोलीत धान्याची पोती ठेवावीत, बाहेरगावच्या भाच्याचे नाव सांगावे, किंवा कोणासही न कळविता आपसांत व्यवहार उरकावा. अशा न कळविलेल्या व्यवहारांचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘नानकराम विरुद्ध कुंदलराय’ या १९८६ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, खंड २२ चा भंग करून झालेला भाडेकरार मालक व भाडेकरू या परस्परांमध्ये रद्दबातल ठरत नाही. हा निर्णय भाडेकरूच्या दृष्टीने न्याय्यच होता. पण सूचना देण्याच्या सक्तीत उरलेला जोरही त्यामुळे कमी झाला. रिकामे घर उजेडात आणण्यासाठी केलेल्या तरतुदीने ते झाकून ठेवण्याचीच सवय लावली, असे या सर्व अनुभवाचे स्वरूप दिसते. दोष सूचनेच्या कल्पनेत नव्हता. घर परत मिळण्याचा मार्ग बंद असताना ते उघडण्याची सक्ती करण्यात होता.

मुंबईतील अधिग्रहणाचा धडा

मुंबईत याच हेतूने १९४८ चा जमीन अधिग्रहण कायदा वापरला गेला. (येथे अधिग्रहण म्हणजे मालकी न घेता तात्पुरता ताबा घेणे, भूसंपादन वेगळे.) रिकाम्या सदनिका शासनाने ताब्यात घेऊन अधिकारी, कर्मचारी व इतर गरजूंना दिल्या. ‘तात्पुरता’ हा शब्द मात्र विसरला गेला. १९५१ मध्ये ताब्यात घेतलेली एक सदनिका तीस वर्षांनंतरही परत न मिळाल्याचे प्रकरण ‘एच. डी. व्होरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. अधिग्रहण अनिश्चित काळ चालू ठेवता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. १९९४ मध्ये ‘ग्राहक संस्था मंच’ प्रकरणात घटनापीठानेही हीच भूमिका कायम ठेवली. त्यानंतर जी कुटुंबे वर्षानुवर्षे अशा घरांत राहत होती त्यांच्यापुढे संकट उभे राहिले व अखेर विधिमंडळाने त्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. मालकाच्या दृष्टीने पाहता तात्पुरते घेतलेले घर कायमचे गेले.

२००० नंतर : कायदा बदलला, भीती राहिली

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि १९४९ चा आदेश संपुष्टात आला. नव्या कायद्याने अनुज्ञप्तीच्या, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या, निवासी कराराला भक्कम आधार दिला. मुदत संपल्यावर अशा व्यक्तीने घर सोडले नाही तर मालकास कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

याचा लाभ मोठ्या शहरांना झाला. अमरावतीतही विद्यापीठ, महाविद्यालये व शिकवणी वर्गांमुळे खोल्यांना मागणी असते. तथापि अनेक मालक आजही अकरा महिन्यांचा साधा, नोंदणी नसलेला कागद करतात आणि कायद्याने दिलेले संरक्षण स्वतःच गमावतात. २०२१ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याचा उद्देशही बंद घरे बाजारात आणणे हाच सांगण्यात आला. परंतु हा विषय राज्यांचा असल्याने तो राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही.

करव्यवस्था तर घर बंद ठेवणाऱ्याच्याच बाजूची आहे. घर भाड्याने दिले की मालमत्ता कराचे करयोग्य मूल्य वाढते. उलट मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कर-नियमांत घर रिकामे असल्यास परतावा मागण्याची सोय होती. प्राप्तिकरात पूर्वी दुसऱ्या घरावर, ते रिकामे असले तरी, संभाव्य भाडे उत्पन्न म्हणून धरले जाई. २०१९ च्या वित्त अधिनियमाने दोन घरांना स्वतःच्या वापराची समजण्याची सवलत दिली. मध्यमवर्गीय कुटुंबांना ती हवीहवीशी वाटली यात शंका नाही. गावाकडील घर व शहरातील घर असा दुहेरी संसार असणाऱ्यांवरचा अन्याय तिने दूर केला, पण दुसरी सदनिका कुलूप लावून ठेवण्याचा खर्चही कमी केला.

शासनाच्या स्वतःच्या रिकाम्या घरांची कथा याहून वेगळी नाही. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात बांधलेली अनेक घरे गावकुसाबाहेर, रोजगारापासून दूर असल्यामुळे ओस पडली. कोविडकाळात मजुरांचे लोंढे गावाकडे परतल्यानंतर, जुलै २०२० मध्ये, ही घरे भाड्याने देण्याची योजना आखली गेली. चंडीगड, सुरत अशा थोड्या शहरांत ती प्रत्यक्षात आली; उरलेल्या बहुसंख्य घरांबाबत फारशी प्रगती झाली नाही. कामाच्या ठिकाणापासून दूर असलेले घर भाड्याने स्वस्त असूनही प्रवासाच्या खर्चाने महाग पडते.

गावातील कुलूप

कौंडण्यपूरसारख्या गावाला वरील भाडेकायद्यांचा संबंध पोहोचत नाही. १९४९ चा आदेश शहरी वस्त्यांसाठी होता आणि १९९९ चा कायदाही ठरावीक क्षेत्रांनाच लागू होतो. तरीही गावात घरे बंद आहेत. याचा अर्थ येथे कारणे निराळी आहेत.

त्यांतील सर्वांत मोठे कारण वारसांचे आहे. आजोबांच्या नावावरील वाडा चार अपत्यांत व पुढे प्रत्येकाच्या तीन मुलांत विभागला गेला की बारा जणांच्या सह्या लागतात. हिंदू वारसा कायद्यातील महाराष्ट्राची १९९४ ची व केंद्राची २००५ ची दुरुस्ती यांमुळे वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा जन्मसिद्ध हक्क मान्य झाला. ही न्याय्य सुधारणा होय. ज्या घरांत बहिणींची नावे कधी लावलीच नव्हती तेथे कागद अपुरा असल्याचे तिने उघड केले, इतकेच. शेताची वाटणी होते, कारण त्यात उत्पन्न आहे. घराची वाटणी करताना देवघर कोणाकडे, विहीर कोणाकडे, बैठक कोणाकडे असे प्रश्न निघतात आणि ‘राहू द्या तसेच’ यावर बोलणे थांबते. त्या ‘तसेच’ची वीस वर्षे होतात.

दुसरे कारण दप्तराचे आहे. शेताला सातबारा असतो. गावठाणातील घराला बहुतेक लहान गावांत तसा कागदच नव्हता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२६ मध्ये गावठाणाच्या मोजणीची तरतूद दोन हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावांसाठी आहे. उरलेल्या गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाच आधार, आणि ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येऊ लागल्या. ही या शतकातील ग्रामीण घरांसंबंधीची कदाचित सर्वांत महत्त्वाची नोंद ठरेल. मात्र मोजणीच्या दिवशी वारस गावात नसतील, तर पत्रिकेवर मृत आजोबांचे किंवा एकट्या मोठ्या भावाचे नाव लागते, आणि पुढील पिढीचा वाद तेथे सुरू होतो.

तिसरे कारण आठवणीतील आहे. विदर्भासाठी १९५८ मध्ये कूळ कायदा झाला व कसणाऱ्यास जमीन मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. कुळांच्या दृष्टीने तो मुक्तीचा कायदा होता. जमीनधारकांच्या घरांत मात्र त्यातून ‘कूळ लागेल’ हा शब्दप्रयोग मुरला. शेत मक्त्याने द्यावयाचे तर एका वर्षापुरते, तोंडी आणि दर वर्षी माणूस बदलून, ही सावधगिरी त्यातूनच आली. घराच्या बाबतीत कायदा निराळा असला तरी भीती तीच आहे.

वास्तविक रिकामे घर दुसऱ्याच्या हाती देण्याची एक जुनी रीत गावांत आहे. घरात ‘दिवा लागावा’ म्हणून नातलगास, सालदारास किंवा बदलून आलेल्या शिक्षकास ते राखायला द्यावयाचे. भाडे नाममात्र किंवा मुळीच नाही. त्याबदली पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात देणे, पाण्याची वाट मोकळी ठेवणे ही कामे राहणाऱ्याने करावयाची. यामागे अंधश्रद्धा नसून बांधकामाचे साधे तर्कशास्त्र आहे. मातीचे घर राहत्या माणसाच्या देखरेखीवरच टिकते. एक कवेलू सरकला की आढ्यावर पाणी येते, सागाच्या पाटीखाली ओल धरते, वाळवी चढते, आणि भिंतीचा माथा भिजला की ती खालपर्यंत फुगते. बंद घराला तीन-चार पावसाळे पुरेसे असतात. सिमेंटची सदनिका दहा वर्षे बंद राहिली तरी साफसफाई करून वापरता येते. मातीच्या वाड्याला तेवढी सवड नसते. ग्रामीण भागात म्हणूनच निर्णयाला उशीर करणे हाच घर पाडण्याचा मार्ग ठरतो.

या रिवाजाला कायद्याचे एक टोक बोचते, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६० अन्वये, परवानगीने राहणाऱ्या व्यक्तीने त्या परवानगीच्या आधारे स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल तर मालकास ती परवानगी मागे घेता येत नाही. म्हणजे राखणदाराने आपल्या पैशाने पक्की खोली बांधली तर मालकाची भीती अगदीच निराधार राहत नाही. त्यामुळे मालक दुरुस्ती करू देत नाही, दुरुस्तीवाचून घर राहण्याजोगे उरत नाही, आणि राखायला देण्याची रीतही मागे पडते. कोणती दुरुस्ती करावी, तिचा खर्च किती वर्षांच्या वास्तव्यात फिटला असे समजावे आणि तिच्यातून कोणताही हक्क निर्माण होणार नाही, हे दोन पानांच्या लेखी करारात नमूद केल्यास ही अडचण बहुतांशी दूर होऊ शकते. अशा कराराचा मराठी नमुना ग्रामपंचायतीत सहज उपलब्ध असावयास हवा होता. तो असत नाही.

घरकुल योजनेची मर्यादा

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून राबविली जात आहे. सपाट प्रदेशात १.२० लाख रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरचे घर हे तिचे मूळ स्वरूप. हे साहाय्य नवीन बांधकामासाठी, लाभार्थ्याच्या जागेवर, टप्प्याटप्प्याने मिळते. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी महाराष्ट्र शासनाने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना काढली. तिच्यात सुरुवातीस ५० हजार रुपयांपर्यंत मदत होती. या दोन योजनांच्या मधली जागा मात्र मोकळीच आहे. चांगल्या भिंतींचे बंद घर विकत घेऊन दुरुस्त करण्यास यांपैकी एकाही योजनेचा पैसा वापरता येत नाही. जागेसाठीचे साहाय्य पडक्या घराच्या जागेकरिता वापरावे म्हटले तर विकणाऱ्यांच्या बारा सह्या पुन्हा आडव्या येतात. परिणामी घरकुले गावाच्या कडेला, काळीच्या बाजूला सरकत जातात. रस्ता, नळ व गटार तेथवर नव्याने न्यावे लागते आणि गावठाणाचा मध्य ओस पडतो. भूमिहीन मजुराच्या दृष्टीने हा केवळ नगररचनेचा प्रश्न नाही. मंजुरी येऊनही जागा नाही म्हणून त्याचा हप्ता अडतो व तो आणखी एक पावसाळा उघड्यावर काढतो.

इतर देशांतील दोन उदाहरणे

जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के, रिकामी आढळली. तेथील अनेक नगरपालिका अशा घरांची यादी ठेवतात व घेऊ इच्छिणाऱ्याची मालकाशी गाठ घालून देतात. परंतु यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट १ एप्रिल २०२४ पासून घडली. वारसाने मिळकत मिळाल्याचे समजल्यापासून तीन वर्षांच्या आत आपली नोंद करणे सक्तीचे झाले. मालक कोण हेच ठरत नसेल तर पुढील सर्व योजना निरर्थक होतात, हे तेथील शासनाच्या उशिरा ध्यानात आले.

इंग्लंडने २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने स्थानिक संस्थांना दीर्घकाळ रिकाम्या घराचे व्यवस्थापन हाती घेण्याचा अधिकार दिला. मालकी बदलत नाही. संस्था घर दुरुस्त करते, भाड्याने देते, भाड्यातून खर्च वळता करून घेते. अंतिम आदेशाची मुदत सात वर्षांपर्यंत असते. या अधिकाराचा प्रत्यक्ष वापर फार थोडा झाला, कारण लहान संस्थांना तो पेलत नाही. तथापि १९४९ च्या आदेशाशी तुलना केली असता फरक लक्षात येतो : घर घेण्याच्या दिवशीच ते परत करण्याची कमाल मुदत तेथे ठरलेली आहे.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर

वऱ्हाडातील अनुभव पाहता नव्या सक्तीने येथे काही साधेल असे वाटत नाही. रिकाम्या घरावर जबर कर लावण्याची सूचना अधूनमधून केली जाते. शहरातील गुंतवणुकीच्या सदनिकांबाबत ती विचारात घेण्यासारखी आहे. गावात मात्र करदाता कोण हेच ठरलेले नसते, तेव्हा कराची थकबाकी फुगण्यापलीकडे काही होणार नाही. त्याऐवजी बंद घरापुढील अडथळा कोणत्या प्रकारचा आहे हे आधी कळावयास हवे. जेथे वारस एकमताचे आहेत पण भीती आहे, तेथे मुदतीचा लेखी करार पुरतो. जेथे नोंदच नाही, तेथे मिळकत पत्रिकेवर सर्व वारसांची नावे लावण्याचे काम प्रथम करावे लागते. जेथे भिंतीच उरल्या नाहीत, तेथे घराचा नव्हे तर जागेचा विचार करणे भाग आहे. आणि जेथे वाद न्यायालयात आहे तेथे वाट पाहण्यावाचून इलाज नाही.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली. पुढे केंद्र सरकारने घरयादीचे काम २०२६ मध्ये व लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. २०११ नंतर गावोगावच्या रिकाम्या घरांची ही पहिली मोजणी होय. मात्र प्रगणकाच्या तक्त्यात घर रिकामे आहे एवढेच नोंदले जाते. ते का रिकामे आहे यासाठी रकाना नाही. ती माहिती गावात कोतवालापासून पोस्टमनपर्यंत सर्वांना असते. ग्रामपंचायतीला घरांची फेरआकारणी दर चार वर्षांनी करावीच लागते आणि त्या वेळी प्रत्येक घर प्रत्यक्ष पाहिले जाते. नमुना ८ च्या नोंदवहीसोबत बंद घरांची एक जोडयादी त्याच फेरीत तयार करता येईल : कुलूप केव्हापासून, छप्पर शाबूत आहे की नाही, वारस किती व कोठे, आणि त्यांपैकी कोणाची घर देण्याची तयारी आहे. ही यादी मृगापूर्वी तयार झाली तर निदान ज्या घरांचे छप्पर त्या पावसाळ्यात वाचविता येण्यासारखे आहे, त्यांच्या मालकांना पत्र पाठविण्यास अवधी मिळेल.